समितीने पाहिलेली जागा

कुरणवाडी, हुपरीजवळ
१३ ऑक्टोबर २००८

चि. शशिधर यास अनेक आशीर्वाद.

पूरनिवारा केंद्राची जागा पक्की झाली. परवा ग्रामसभेत ग्रामसेवकानं पूरनिवारा मंडळाचं पत्र वाचून दाखवलं, आणि मंडळाचे उपअभियंता सयाजी सरनोबत यांनी फोनवर मला तेच सांगितलं. गट नंबर एकशे सतरा, नदीकाठ. गाव सोडून तुला तीस वर्षं झाली, तरी एकशे सतरा कुठला हे सांगायला नको. तू म्हशी धुवायला न्यायचास ते रान.

पुरात माणसं ठेवायची इमारत नदीत बांधायची हे डोकं कुणाचं, असं मी सरनोबतांना विचारलं. म्हणाले, "बाई, तीच जागा मोकळी हाय." मोकळी आहेच. दर पावसाळ्यात तिथं नदी राहायला येते, म्हणून दुसरं कुणी जात नाही.

गावात उंच जागा एकच, माळावरचं गायरान, गट नंबर चाळीस. ते हंबीररावांच्या दूध संस्थेनं भाडेपट्ट्यानं घेतलं आणि काटेरी तार मारली. आत पाऊण एकरात दुधाचं शीतकरण केंद्र आहे. उरलेल्या सहा एकरांत हंबीररावांची जीप सावलीला उभी असते.

२००५ च्या पुरात काय झालं ते तुला फोनवर सांगितलं होतं. तू "अरेरे" म्हणालास आणि दिल्लीत पाऊस कसा नाही ते सांगितलंस. म्हणून आता लिहिते. माणसं शाळेत घ्या असा वरून आदेश आला. मी मुख्याध्यापिका. मी घंटा वाजवून सहाशे माणसं शाळेत आणली. दुसऱ्या दिवशी शाळेत पाणी शिरलं. माळाचं फाटक उघडा म्हणून माणूस पाठवला, तर हंबीररावांचा निरोप आला, "गर्दीनं दुधात जंतू होतील." दीड दिवस आम्ही शाळेच्या गच्चीवर पावसात काढला. शेजारची म्हातारी तानाबाई तिथंच गारठून वारली. तिला घरातून हाताला धरून मीच आणलं होतं.

आता मंडळ एकशे सतरावर पक्की इमारत बांधणार, वर पाटी लावणार, आणि पुढच्या पुरात सहाशे माणसं पाटी वाचून आत जाणार. शाळेपेक्षा ती जागा नऊ फूट खाली आहे.

देशानं हवामानबदलाचा मोठा आराखडा केला आहे म्हणे, आणि त्यावर नजर ठेवायला संसदेची जी उपसमिती नेमली आहे तिच्या कचेरीत तू बसतोस, असं तुझी बायको सगळ्या भावकीला सांगते. खरं असेल तर काहीतरी कर. फोन करू नकोस. फोनवर तू "बघतो आक्का" म्हणतोस आणि ते हवेत जातं. लिहून पाठव.

तुझी,
गौराआक्का

•

नवी दिल्ली
२२ ऑक्टोबर २००८

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. मी समितीच्या कचेरीत बसतो हे खरं आहे, पण माझी बायको सांगते तसा नाही. समितीत पंधरा सदस्य आहेत. मी त्यांना कागद पुरवतो, ते वाचत नाहीत, मग मी त्यांनी काय म्हटलं ते लिहितो.

आमचं काम कसं चालतं ते तुला कळावं म्हणून सांगतो. आराखड्यात आठ अभियानं आहेत. महापूर त्यांतल्या कोणत्या अभियानात बसतो यावर आमच्या दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत तो एकाही अभियानात बसला नाही. दुसऱ्या बैठकीत चहा गार आल्यामुळे विषय पुढे ढकलला. कोल्हापूरच्या पुरावरचं टिपण मी मांडलं, तेव्हा एका सदस्यानं विचारलं की कोल्हापूरपासून समुद्र किती लांब आहे. लांब आहे म्हटल्यावर त्यांचा रस गेला.

तरी एक बातमी आहे. समितीचा अभ्यासदौरा अठरा नोव्हेंबरला कोल्हापूरला येतो आहे. देवीदर्शन दीड तास, चप्पल खरेदी पाऊण तास आणि कुरणवाडी पन्नास मिनिटं. आपल्या गावाचं नाव त्यात कसं आलं ते मला माहीत नाही. मीही सोबत असेन.

तू ग्रामस्थांच्या वतीनं बोलण्याची परवानगी मागणारा एक पानी अर्ज समितीकडे पाठव. एकच पान. दुसरं पान कुणी उलटत नाही. चार मिनिटं मिळतील. आकडे सांग, रडू नकोस. रडणाऱ्याला ते सांत्वन देतात आणि पुढच्याला बोलावतात.

आणि आक्का, मी तुझा चुलत भाऊ आहे हे तिथं बोलू नकोस. कर्मचाऱ्याचं हितसंबंध असलेलं गाव म्हणून ते कार्यक्रमातून काढून टाकतील.

तुझा,
शशिधर

•

कुरणवाडी
१९ नोव्हेंबर २००८

चि. शशिधर,

काल तू इथून गेलास. तू काय पाहिलंस ते तुला माहीत आहे, पण मी काय पाहिलं ते लिहून ठेवते.

परवा, म्हणजे तुम्ही यायच्या आदल्या दिवशी, सरनोबत एकशे सतरावर मांडव घालायला आले. वरच्या उसाला पाणी सोडलेलं, खाली सगळा चिखल. त्यांची गाडी चाकापर्यंत रुतली. तिथं हंबीरराव आले.

"चिकलात पावणं उतरवायचं व्हय? गावाला काय इज्जत हाय का न्हाय?"

"मग कुठं घालू, आण्णा?"

"माळावर घाला की! वारं हाय, सावली हाय, गाड्या लावाय जागा हाय."

झालं. २००५ साली सहाशे माणसांना न उघडलेलं फाटक तेरा फेट्यांसाठी सताड उघडलं. मांडव मोकळा मोकळा दिसतो म्हणून खालच्या रानातली 'नियोजित पूरनिवारा केंद्र' ही पाटी खांबांसकट उपटून वर आणून रोवली. कुणी सांगितलं नव्हतं, पोरांनी हौसेनं आणली. यात लबाडी होती असं मी म्हणत नाही. लबाडीला डोकं लागतं. हा नुसता पाहुणचार होता.

पंधरांतले सात सदस्य आले, तेही दोन तास उशिरा. सात सदस्य, चार अधिकारी आणि चुकून दोन ड्रायव्हर, अशा तेरा डोक्यांना फेटे बांधण्यात पंचवीस मिनिटं गेली. तुझ्याही डोक्याला बांधला. हंबीरराव तुला म्हणाले, "घ्या पावणं, लाजू नका," आणि तू हसलास. ज्या माळावर तू पतंग उडवलेस, त्या माळावर तू पावणा झालास.

मग मी बोलले. एकशे सतरावर अठ्ठ्याण्णव साली किती फूट पाणी, पाच साली किती, सहा साली किती, सगळं सांगितलं. रडले नाही. समोर एक सदस्य उसाची कांडी सोलत होते, दुसरे नव्या चपला घालून बोटं हलवून बघत होते. अध्यक्षांनी मान डोलावली आणि सरनोबतांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. ते मला ऐकू आलं नाही, कारण शेजारच्या शालूबाईनं मला ओवाळणीच्या बायकांत ओढलं होतं. वळून बघते तो अध्यक्ष पाटीशेजारी उभे राहून फोटो काढून घेताहेत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या लोकांना माळच ती जागा वाटते आहे.

मी ओरडले, "अहो, ही ती जागा नव्हे!" तेवढ्यात हलगी सुरू झाली.

तू माझ्यापासून चार हातांवर होतास. माझं ओरडणं तुला ऐकू आलं. तू माझ्याकडं बघितलंस आणि मग फाईलमध्ये तोंड घातलंस. हंबीरराव आणि सरनोबत कसे आहेत ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे. तुझ्याबद्दल माझं मत काल बनलं.

गौराबाई

•

नवी दिल्ली
२ डिसेंबर २००८

ती. आक्कास नमस्कार.

तू 'आक्का' लिहिलं नाहीस ते पाहिलं. बरोबर आहे.

मी घाबरलो. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही. कर्मचाऱ्यानं दौऱ्यात तोंड उघडायचं नसतं. सव्वीस वर्षं ते उघडलं नाही आणि त्या दिवशी उघडता आलं नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की कुरणवाडीचं नाव कार्यक्रमात कसं आलं ते माहीत नाही. ते मीच घातलं होतं. एवढं करून मला वाटलं होतं की आपलं काम झालं.

आता कामाचं. समितीपुढं जो बोलतो त्याला त्याच्या भागाच्या नोंदीची प्रत दुरुस्तीसाठी पाठवायची पद्धत आहे. ती सोबत जोडली आहे. इंग्रजीतली आहे, शेवटचा भाग मराठी करून देतो:

अध्यक्ष : या बाई ज्या पाण्याबद्दल सांगत होत्या, ते या जागेवर येते काय?
श्री. सरनोबत : नाही, सर. या जागेवर कधीही पाणी आलेले नाही.
अध्यक्ष : मग त्यांची तक्रार काय आहे?
श्री. सरनोबत : वय झाले आहे, सर.
(हशा)

आक्का, हे वाचून तुला काय वाटेल ते मला कळतं. म्हणून सांगतो, पंधरा दिवसांच्या आत दुरुस्ती लिहून पाठव. समितीला दाखवलेली जागा नियोजित जागा नव्हती, एवढं एक वाक्य पुरे. तू साक्षीदार आहेस, तुझा तो हक्क आहे. तुझी दुरुस्ती आली की मी ती वर मांडतो. मग नोंदीत तू खरी ठरशील.

त्याचा परिणाम काय होईल तेही लपवत नाही. समिती पुन्हा यायची नाही. निवडणुका तोंडावर आहेत, फेब्रुवारीच्या अधिवेशनात अहवाल मांडला नाही तर सगळंच बारगळेल. तुझ्या दुरुस्तीनंतर अहवालातून कुरणवाडीचा परिच्छेद गाळून टाकतील. मंडळ एकशे सतरावर बांधेल. पण निदान संसदेत तुझ्या नावावर हशा राहणार नाही.

तुझा,
शशिधर

•

कुरणवाडी
११ डिसेंबर २००८

चि. शशिधर,

तुझा कागद वाचला. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. छत्तीस वर्षं मी गणित शिकवलं, आधी पेठ वडगावला, मग या गावात. सरनोबत पेठ वडगावच्या शाळेत माझ्याच हाताखाली होते, त्यांना त्रैराशिक मी तीनदा शिकवलं आणि ते तिन्हीदा आलं नाही. हा माणूस देशाच्या समितीला सांगतो की माझं वय झालंय. कंसात लिहिलं आहे 'हशा'. हसलं कोण ते लिहिलेलं नाही. तू हसलास का? सांगू नकोस.

मी दुरुस्ती लिहायला घेतली. एक वाक्य पुरे म्हणालास, माझी दोन पानं झाली. पाकीट बंद करते आहे तोच हंबीरराव आले, हातात पेढ्यांचा पुडा आणि काखेत काच बसवलेली मोठी तसबीर. वर्तमानपत्रात आलेला फोटो त्यांनी मोठा करून घेतला आहे. मधे अध्यक्ष, एका बाजूला हंबीरराव, दुसऱ्या बाजूला सरनोबत, मागं माळ, डेअरी, आणि पाटी.

"बाई, बघा की! दिल्लीच्या कागदावर आपला माळ चढला."

"चढला की. खाली काय लिहिलंय ते वाचलंसा?"

"वाचतोय की. 'निवारा केंद्राच्या जागेची समितीकडून पाहणी. समितीचे समाधान.' ग्रामपंचायतीत लावणार हाय. एक तुमच्या शाळेतबी लावूया."

"लावा," मी म्हटलं. "एक मंडळाच्या हाफिसातबी द्या."

"व्वा! ही आयडिया झाली बघा!" म्हणाले, आणि उठून गेले. तीन तसबिरी करायला टाकल्या आहेत.

ते गेल्यावर मी बसून विचार केला. शशी, तू इतकी वर्षं कागदात राहून तुला हे दिसू नये याचं मला नवल वाटतं. समितीनं माळ बघितला. समितीनं माळ पसंत केला. मंडळाच्या अभियंत्यानं तोंडानं सांगितलं की हीच जागा आणि इथं कधी पाणी येत नाही. माळाच्या भाडेकऱ्यानं स्वतः फाटक उघडून, पाटी रोवून, फोटो काढून घेतला. आता हे सगळं चूक होतं म्हणून मी कशाला सांगू? चूक सुधारली की एकशे सतरा. राहू दिली की चाळीस.

दोन पानं फाडली. तू पाठवलेल्या प्रतीवर 'दुरुस्ती नाही' लिहिलं, सही केली आणि आज हुपरीला जाऊन रजिस्टरनं टाकलं. तिथं कपाटात मी वेडी म्हातारी म्हणून राहिले तर राहू दे. ते कपाट उघडायला कोण जाणार आहे? तूच.

तुला एकच काम सांगते. तोंड बंद ठेव. ते तुला चांगलं जमतं.

आक्का

•

नवी दिल्ली
१० जानेवारी २००९

ती. आक्कास नमस्कार.

तुझा 'दुरुस्ती नाही'चा कागद कचेरीत नोंदला गेला. तुझ्या पत्रानंतर मला नीट झोप नाही. तू सांगतेस ते सोपं नाही. चूक माहीत असून अहवालात जाऊ देणं म्हणजे समितीची दिशाभूल. ती सभागृहाची दिशाभूल धरतात. माझी नोकरीची आठ वर्षं राहिली आहेत.

मला वाटलं होतं की मी काही न करता ही चूक आपोआप सापडेल. अहवालाचा मसुदा छापण्याआधी वस्तुस्थितीच्या तपासणीसाठी जातो. इथून मंत्रालयात गेला, तिथून राज्याकडे, राज्याकडून पूरनिवारा मंडळाकडे. मंडळानं तो ज्याला माहीत असणार त्याच्याकडे पाठवला, म्हणजे उपअभियंता सरनोबत यांच्याकडे.

काल तो परत आला. कुरणवाडीच्या परिच्छेदासमोर सरनोबतांचा शेरा आहे : 'वस्तुस्थितीशी जुळते.' खाली मंडळाची सही, राज्याची सही, मंत्रालयाची सही. एकानंही नकाशा उघडला नाही. उघडला असता तर आधीच्याची सही चुकीची म्हणावं लागलं असतं, आणि त्यासाठी नवीन फाईल लागते. आक्का, देशाचं हवामान या लोकांच्या हातात आहे. मीही त्यांच्यातलाच.

पण मला अजून एक टिपण लिहिता येतं. मी त्या गावचा आहे आणि समितीला दाखवलेली जागा वेगळी होती, असं. पुढच्या शनिवारपर्यंत मुदत आहे. टिपण लिहून टेबलाच्या खणात ठेवलं आहे. ते द्यावं की नाही, तू सांग.

तुझा,
शशिधर

•

कुरणवाडी
१४ जानेवारी २००९

चि. शशिधर,

संक्रांतीच्या दिवशी मला असलं पत्र लिहायला लावलंस. हे स्पीड पोस्टनं पाठवते.

बावन्न वर्षांचा झालास आणि अजून विचारतोस, आक्का देऊ का नको. मी उत्तर देत नाही, प्रश्न घालते. वर्गात घालत होते तसे.

समिती माळावर उभी होती का? होती. माळावर कधी पाणी आलं आहे का? नाही. ती जागा निवाऱ्याला चांगली आहे का? आहे. मग अहवालात खोटं काय आहे? मंडळाच्या मनात दुसरी जागा होती, एवढं एकच समितीला कळलेलं नाही. ते सांगायचं काम मंडळाचं. त्याला सांगायची दोनदा संधी मिळाली, एकदा त्यानं तोंडानं नाही म्हटलं, एकदा सही करून. त्याच्या वाटणीचं खरं तू का बोलायला निघालास? माझ्या वाटणीचं चार हातांवरनं बोलला नाहीस.

टिपण द्यायचं तर दे. पण दिलंस तर पुढच्या पुराच्या वेळी रजा काढून ये आणि एकशे सतराच्या दारात उभा राहून माणसं तू आत घे. मी घेणार नाही.

तिळगूळ पाठवत नाही.

आक्का

•

नवी दिल्ली
२० फेब्रुवारी २००९

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

अहवाल काल पटलावर ठेवला गेला. छापील प्रत सोबत पाठवली आहे, पान त्रेसष्ट बघ. ठेवायला एक मिनिटही लागलं नाही. त्या वेळी सभागृहात बहुतेक बाकं रिकामी होती आणि जे होते ते निवडणुकीच्या तिकिटांबद्दल बोलत होते. देशानं बदलत्या हवामानाला कसं तोंड द्यावं याची एकशे बारा पानं इतक्या शांततेत पार पडली.

परिच्छेद असा आहे : 'समितीने कुरणवाडी येथील पूरनिवारा केंद्राच्या जागेची (गट क्रमांक ४०) प्रत्यक्ष पाहणी केली. ही जागा ज्ञात पूरपातळीच्या बरीच वर असल्याबद्दल समिती समाधान व्यक्त करते आणि केंद्राचे बांधकाम याच जागेवर विनाविलंब सुरू करण्याची शिफारस करते. केलेल्या कार्यवाहीचा अहवाल तीन महिन्यांत सादर करावा.'

कंसातला गट क्रमांक मसुद्यात नव्हता. तो कसा आला ते सांगतो. शेवटच्या बैठकीत अध्यक्ष पानं उलटत होते. त्रेसष्टवर थांबले. म्हणाले, "याच जागेवर म्हणजे कुठं? नंबर काही आहे का?" मंत्रालयाच्या अधिकाऱ्यानं मंडळाच्या प्रस्तावाची फाईल उघडायला घेतली. त्या फाईलमध्ये एकशे सतरा होता. त्याला पान सापडायच्या आधी मी उभा राहिलो.

"गट नंबर चाळीस, सर. आपण उभे होतो ती जागा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी त्या गावचा आहे, सर."

अध्यक्ष माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "अरे, मग त्या दिवशी फेटा बांधून पाहुण्यासारखा काय बसला होतास?" सगळे हसले. नंबर लिहून घेतला आणि पुढचं पान उलटलं.

टिपण मी फाडलं नाही, दिलंही नाही. आता त्याचं काही होत नाही. मात्र बैठकीनंतर मंत्रालयाच्या त्या अधिकाऱ्याला पान सापडलं असावं. सोमवारी मला वरिष्ठांनी बोलावलं आहे. हितसंबंध का जाहीर केला नाही, असं लेखी विचारतील. मी लेखी उत्तर देईन. नोकरी जाणार नाही. ग्रंथालयात बसवतील असं दिसतं. तिथं सगळ्या समित्यांचे जुने अहवाल आहेत. वाचणारा मी पहिला असेन.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. सरनोबतांच्या त्या उत्तरावर माळावर मी हसलो नव्हतो. पण हसणाऱ्यांकडं बघून मान हलवली होती. ते हसण्यापेक्षा वाईट.

तुझा,
शशिधर

•

कुरणवाडी
१३ मार्च २००९

चि. शशिधर यास अनेक आशीर्वाद.

गट नंबर चाळीसची मोजणी सोमवारी, सोळा तारखेला आहे. नोटीस काल तलाठ्यानं माझ्या हातात दिली आणि सरनोबतांनी स्वतः घरी येऊन ती खरी असल्याचं सांगितलं. मी पाणी दिलं, चहा विचारला नाही.

"बाई, लई घोटाळा झाला की ओ," ते म्हणाले.

"कसला?"

"आमचा प्लॅन एकशे सतराचा. वरनं आता चाळीस म्हणत्यात. संसदेचा कागद आलाय."

"मग लिवा की वरती, समितीला जागा चुकीची दाखवली म्हणून."

"असं कसं लिवू? माझीच सही हाय न्हवं खाली, वस्तुस्थितीशी जुळते म्हणून."

"मग जुळवा वस्तुस्थिती."

ते उठले. मग जाताना दारात थांबून म्हणाले, "तुमी दुरुस्ती का दिली न्हाईसा? तुमास्नी तर म्हाईत हुतं."

"माझं वय झालंय न्हवं," मी म्हटलं. त्यांनी चपला शोधायला बराच वेळ लावला.

हंबीररावांचं तर विचारू नकोस. ग्रामपंचायतीत त्यांचा आवाज चौकापर्यंत येत होता. "माझ्या माळावर? मी कोर्टात जातोय! स्टे आणतोय!" सरपंच जोतीराम तसा मऊ माणूस, पण त्यानं भिंतीवरच्या तसबिरीकडं बोट केलं. म्हणाला, "आण्णा, कोर्टात जावा की. जाताना ह्यो फोटूबी घिऊन जावा. तुमीच दाखवलासा न्हवं माळ?" हंबीररावांनी तसबीर उतरवायला सांगितली. आता ती उतरवायला ग्रामसभेचा ठराव लागेल असं ग्रामसेवक म्हणाला. एवढ्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून निघालेला हा पहिला उपयोगाचा नियम.

लोक मला विचारतात, समितीनं आपलं ऐकलं म्हणायचं की. मी हो म्हणते. सात माणसं चप्पल खरेदीतून वेळ काढून आली आणि ज्या जागेचा प्रस्ताव होता ती न बघताच पास झाल्याचं सांगून गेली. त्यांनी खरंच नीट तपासणी केली असती, कागद वाचले असते, नकाशा उघडला असता, तर नियमानं एकशे सतरालाच मंजुरी देऊन गेले असते. अशा तपासणीवर हा देश उभा आहे, आणि आपण तिचे आभार मानायचे. मी मानणार नाही.

तुझेही मानत नाही. पण उभा राहिलास ते वाचलं. दोनदा वाचलं. ग्रंथालयात बसवलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, तिथं वारं लागत नसलं तरी माणसं कमी भेटतात.

आता पुढचं. सोमवारी सकाळी दहाला मोजणीदार येतो. हंबीररावांनी फाटक उघडलं नाही तर मंगळवारी पोलीस घेऊन मोजायचं ठरलं आहे. ते कोर्टात जातील. वकील म्हणतो, स्टे मिळेल किंवा मिळणार नाही, आणि एवढं सांगायला तो पैसे घेतो. मंडळाला दिल्लीला उत्तर द्यायची मुदत एकोणीस मे. सरनोबत ती चुकवणार नाहीत, कारण चुकवली तर त्यांना पुन्हा काहीतरी खरं लिहावं लागेल. मुरगूडच्या गवंड्याला मी विचारलं. तो म्हणतो, एप्रिलात माळ ताब्यात आला तर जूनपर्यंत जोतं होईल, भिंती नाहीत, छप्पर नाही. म्हणजे यंदा पूर आला तर सहाशे माणसं उघड्या जोत्यावर भिजत उभी राहणार. भिजली तर भिजू देत. पाय कोरडे राहतील.

तुझी,
गौराआक्का